लिनक्स संगणक ठरल्या वेळी आपोआप बंद करण्याची रीत

ग्रामपंचायती, सहकारी संस्था व कृषी कार्यालये यांतून शेतीविषयक नोंदी आता संगणकावर ठेवल्या जातात. सायंकाळी संगणक चालूच राहिला आणि रात्री वीज गेली, तर त्या क्षणी लिहिली जात असलेली नोंद अर्धवट राहते. प्रसंगी सबंध फाईल निकामी होते. माती परीक्षणाचे निष्कर्ष किंवा खतसाठ्याचा हिशेब असा गमावल्यास तो पुन्हा उभा करणे कष्टाचे असते. याकरिता संगणक ठरल्या वेळी स्वतःच बंद होईल अशी व्यवस्था करणे इष्ट होय. लिनक्स प्रणालीत ही सोय मुळातच आहे.

बंद करण्याचे दोन प्रकार

१. शटडाउन : सर्व कामे थांबवून यंत्र पूर्णपणे बंद होते. जतन न केलेला मजकूर नाहीसा होतो.

२. हायबरनेट : उघडी असलेली कामे जशीच्या तशी डिस्कवरील 'स्वॅप' या राखीव जागेत उतरवून यंत्र बंद होते. पुन्हा सुरू करताच काम तेथूनच पुढे चालते. याकरिता स्वॅपची जागा साधारणपणे यंत्राच्या स्मृतीइतकी असावी. अनेक यंत्रांवर ही सोय प्रथमपासून चालू नसते. म्हणून ती एकदा हाताने करून पाहावी व मगच वेळापत्रकात घालावी.

कृती

आज्ञा रोमन अक्षरांत व अंकांत टंकित करावयाच्या असतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

केवळ एका दिवसापुरते यंत्र बंद करावयाचे असल्यास 'सुडो शटडाउन -एच १८:३०' ही आज्ञा द्यावी. यंत्र सायंकाळी साडेसहा वाजता बंद होईल. बेत बदलल्यास 'सुडो शटडाउन -सी' या आज्ञेने तो रद्द होतो.

रोजच्यासाठी 'क्रॉन' हे वेळापत्रक वापरावे. 'सुडो क्रॉनटॅब -ई' ही आज्ञा दिली असता ते उघडते. त्यातील प्रत्येक ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना व वार अशी पाच घरे क्रमाने भरावयाची असतात. '३० १८ * * *' म्हणजे दररोज सायंकाळी साडेसहा. यापुढे बंद करण्याची आज्ञा तिच्या पूर्ण मार्गासह लिहावी. शटडाउनच्या आज्ञेत '+१०' घातल्यास यंत्र दहा मिनिटांनंतर बंद होते.

घ्यावयाची काळजी

यंत्राचे घड्याळ भारतीय प्रमाण वेळेवर असल्याची खात्री करावी. ते जागतिक प्रमाण वेळेवर राहिल्यास साडेसहाचे काम साडेपाच तास उशिरा, म्हणजे मध्यरात्री होईल, आणि ज्या रात्रीच्या वीजखंडापासून बचाव करावयाचा तो त्यापूर्वीच येऊन जाईल. बंद होण्याची सूचना टर्मिनलवर उमटते. इतर खिडक्यांत काम करणाऱ्यास ती दिसेलच असे नाही. म्हणून वेळेचा फलक संगणकाजवळ लावावा.

वीजपुरवठ्याचे वेळापत्रक बदलले की क्रॉनमधील वेळही त्याच दिवशी बदलावी. एवढी दक्षता घेतल्यास वर्षाच्या नोंदी सुरक्षित राहतात व विजेचीही बचत होते.