विश्लेषण : अर्ध्या सेकंदाच्या विलंबातून उघड झाले मोठे कारस्थान... लिनक्समधील सॉफ्टवेअर सुरक्षित कसे ठेवले जाते?

सॉफ्टवेअर अपडेट केले की संगणक सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. मार्च २०२४ मध्ये मात्र उलटे घडले. ‘एक्सझेड युटिल्स’ या लिनक्सवरील छोट्याशा सॉफ्टवेअरची सर्वांत नवी आवृत्ती ज्यांनी तातडीने घेतली, त्यांच्याच संगणकात चोरदरवाजा शिरला. जुन्या आवृत्तीवर असलेले बचावले. मग अपडेट करायचे की नाही? याचे उत्तर लिनक्समधील पॅकेज वापरकर्त्यापर्यंत कसे पोहोचते, यात दडले आहे.

नेमके काय घडले होते?

मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आणि ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसचे एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड हे ‘डेबियन’ या लिनक्स प्रणालीच्या चाचणीतील आवृत्तीवर काम करत होते. सर्व्हरवर दुरून लॉगइन करण्यासाठी वापरली जाणारी ‘एसएसएच’ सेवा विनाकारण जास्त प्रोसेसर खात असल्याचे त्यांच्या लक्षात आले. लॉगइनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. त्यांनी या विलंबाचा माग काढला आणि तो ‘एक्सझेड’पर्यंत पोहोचला. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हा प्रकार जाहीर केला.

‘एक्सझेड’च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा होता. विशिष्ट गुप्त किल्ली असलेल्या व्यक्तीला त्यातून पासवर्डशिवाय सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता आल्या असत्या. या त्रुटीला तीव्रतेचे १० पैकी १० गुण देण्यात आले.

फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचा एसएसएचशी काय संबंध?

लिनक्समध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’च्या रूपात मिळते आणि एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून असते. ‘एक्सझेड’चे काम फाइल आकाराने लहान करणे. मूळ एसएसएच सेवा ते वापरतही नाही. मात्र डेबियनसारख्या काही प्रणालींनी एसएसएचला ‘सिस्टीमडी’ या घटकाची जोड दिली होती आणि तो घटक ‘एक्सझेड’ची लायब्ररी सोबत आणत असे. म्हणजे पुढच्या दाराला भक्कम कुलूप होते, चोर शिरला तो शेजारच्या खिडकीतून.

चोरदरवाजा आत आलाच कसा?

‘एक्सझेड’ची देखभाल लासे कॉलिन हे अनेक वर्षे हौसेने, विनामोबदला करत होते. २०२१ पासून ‘जिया तान’ या नावाने कोणीतरी त्यांना सुधारणा पाठवू लागले. २०२२ मध्ये इतर काही खात्यांवरून कॉलिन यांच्यावर दबाव सुरू झाला. काम संथ चालले आहे, दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवा, असा सूर होता. आपण दीर्घकाळ मानसिक आरोग्याच्या समस्यांना तोंड देत आहोत आणि हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असे कॉलिन यांनी तेव्हा सांगितले होते. हळूहळू ‘जिया तान’ला देखभालीचे अधिकार मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दूषित आवृत्ती बाहेर आली. घातक भाग चाचणीसाठीच्या फाइलमध्ये दडवला होता आणि तो सुरू करणारा तुकडा फक्त वितरणाच्या संचात होता. सर्वांना दिसणाऱ्या मूळ कोडच्या भांडारात तो नव्हता. ‘जिया तान’ या नावामागची खरी व्यक्ती किंवा गट समोर आलेला नाही.

डेबियनचे बहुसंख्य वापरकर्ते का वाचले?

डेबियनची सुरुवात १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी केली. आज तिच्यात ६० हजारांहून अधिक पॅकेज आहेत आणि जगभरातील स्वयंसेवक ती सांभाळतात. ‘उबुंटू’ डेबियनवर आधारलेली आहे. ‘सी-डॅक’ने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी आहे.

नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ शाखेत येते. तिथे गंभीर दोष आढळला नाही, तर साधारण २ ते १० दिवसांनी ते ‘टेस्टिंग’मध्ये जाते. टेस्टिंगमधूनच सुमारे दोन वर्षांनी ‘स्टेबल’ ही सर्वसामान्यांसाठीची आवृत्ती तयार होते. दूषित ‘एक्सझेड’ पहिल्या दोन शाखांपर्यंत पोहोचले होते. स्टेबलमध्ये ते आलेच नव्हते. संथ वाटणारी ही पद्धतच इथे कामी आली.

जुनी आवृत्ती मग सुरक्षित कशी राहते?

स्टेबलमध्ये एखादी त्रुटी सापडली, तर डेबियनचे सुरक्षा पथक सहसा नवी आवृत्ती आणत नाही. नव्या आवृत्तीतील फक्त दुरुस्ती उचलून ती जुन्या आवृत्तीत बसवली जाते. याला ‘बॅकपोर्ट’ म्हणतात. त्यामुळे मूळ आवृत्ती क्रमांक जुनाच दिसला, तरी पॅकेज दुरुस्त असू शकते. प्रत्येक स्टेबल आवृत्तीला सुमारे तीन वर्षे नियमित आणि त्यानंतर दोन वर्षे दीर्घकालीन, असे पाच वर्षे संरक्षण मिळते.

‘एक्सझेड’बाबत चाचणीच्या शाखांमध्ये तर नव्याकडून जुन्याकडे जावे लागले. पण संगणक आपोआप वरच्या क्रमांकाकडेच जातो. त्यावर उपाय म्हणून सुधारित पॅकेजचा क्रमांक ‘५.६.१+रियली५.४.५’ असा देण्यात आला. क्रमांक नवा, आतील सॉफ्टवेअर जुने. म्हणजे ज्यांनी अपडेटमुळे धोका ओढवून घेतला होता, त्यांची सुटकाही अपडेटनेच झाली.

डिजिटल स्वाक्षरी पुरेशी नाही का?

डेबियनच्या पॅकेज यादीवर डिजिटल स्वाक्षरी असते. वाटेत कोणी पॅकेज बदलले, तर संगणक ते नाकारतो. पण स्वाक्षरी केवळ इतकेच सांगते, की पॅकेज डेबियनकडून आले आणि वाटेत बदलले नाही. आतला कोड चांगला आहे, याची ती हमी देत नाही. दूषित ‘एक्सझेड’ही रीतसर मार्गानेच आले होते.

चूक प्रामाणिक हातूनही होते. डेबियनने २००६ मध्ये ‘ओपनएसएसएल’ पॅकेजमध्ये केलेल्या एका बदलामुळे त्यातून तयार होणाऱ्या सुरक्षा किल्ल्यांचा अंदाज बांधणे सोपे झाले. हा दोष मे २००८ मध्ये उघड झाला. त्यानंतर पॅकेज अपडेट करणे पुरेसे नव्हते. दोन वर्षांत तयार केलेल्या किल्ल्याही बदलाव्या लागल्या.

वापरकर्त्यांनी काय करावे?

- डेबियन किंवा उबुंटूवर ‘एपीटी अपडेट’ ही आज्ञा केवळ यादी ताजी करते. पॅकेज प्रत्यक्षात बदलते ते ‘एपीटी अपग्रेड’ने. दोन्ही चालवणे आवश्यक.
- रोजच्या कामासाठी आणि सर्व्हरसाठी स्टेबल आवृत्तीच वापरावी. ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसवते.
- लायब्ररी बदलली, तरी आधीपासून चालू असलेली सेवा जुनाच कोड वापरत राहते. ती सेवा किंवा संगणक पुन्हा सुरू करावा. कर्नल बदलल्यावर रीस्टार्ट करावेच.
- अनोळखी भांडारातून पॅकेज घेणे टाळावे. तिथे डेबियनचे सुरक्षा पथक पोहोचत नाही.
- संरक्षणाची मुदत संपलेली आवृत्ती वापरू नये.

अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्स कर्नलच आहे. सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’समोरची तारीख बरीच जुनी असेल, तर त्यानंतरच्या दुरुस्त्या त्या फोनपर्यंत पोहोचलेल्या नाहीत, असे समजावे.

या प्रकरणाचा धडा काय?

टप्पे, स्वाक्षऱ्या आणि सुरक्षा पथक असूनही चोरदरवाजा दोन शाखांपर्यंत पोहोचला. कारण हल्लेखोराने कोडच्या आधी थकलेला माणूस हेरला. जगभरातील सर्व्हर ज्या लायब्ररीवर विसंबून होते, तिचा भार एका स्वयंसेवकावर होता आणि त्याच्या मदतीला सर्वांत आधी धावून आला तो हल्लेखोर. कॉलिन यांनीच पुढे कोड तपासून साफ केला आणि मे २०२४ अखेरीस ५.६.२ ही चोरदरवाजा काढलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. ‘अपडेट’चे बटण एका क्षणात दाबले जाते, त्यामागे अशी माणसे असतात. त्यांना मोबदला आणि खरे सहकारी मिळणे, हाही सुरक्षेचाच भाग आहे.