मित्रानेच फसवले तर...

रांजणगाव, कुरकुंभच्या कंपन्यांत राबणारे आपले तरुण असोत की शिरूर-दौंडच्या वस्त्यांतील माता-भगिनी, भिशी आणि उसनवारी विश्वासावरच चालते. म्हणून मित्राने फसवले की पैशाबरोबर झोपही जाते. छाती धडधडते, जेवण जात नाही, लोक हसतील म्हणून घरातही बोलणे होत नाही. आम्ही सांगतो, लाज वाटायची ती फसवणाऱ्याला.

आधी घरातल्या एका माणसाला पूर्ण आकडा सांगा. चिठ्ठ्या, मेसेज, बँकेच्या नोंदी तारखेवार लावा. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा. उसन्या पैशांचा दिवाणी दावा साधारणपणे ३ वर्षांच्या आत करावा लागतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलांना आणि अनुसूचित जातीच्या, म्हणजे त्यातील बौद्धांनाही, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. खड्डा बुजवायला सावकाराचे नवे कर्ज मात्र काढू नका.

जगणे नकोसे वाटले तर टेली-मानसच्या १४४१६ वर रात्रीअपरात्रीही मोफत, मराठीत बोला. कर्ज हप्त्याहप्त्याने फिटते. त्यासाठी माणूस धड राहिला पाहिजे.