विक्रीचा आकडा आणि नफ्याची वही

मराठी मध्यमवर्गाला जोडधंदा नवा नाही. पगार महिनाअखेरीस पुरेनासा झाला की घरातील गृहिणी लोणची-पापड करून देई, शिक्षक शिकवण्या घेई, कारकून सुटीच्या दिवशी विम्याची कामे पाही. व्यवहार रोखीचा आणि गिऱ्हाईक ओळखीचे. त्यामुळे या प्राप्तीची नोंद बहुधा कोठेच होत नसे. आता या जोडधंद्याचे रूप पालटले आहे. गोधड्या, मातीच्या पणत्या, हातमागाच्या साड्या, दिवाळीचा फराळ, जुनी पुस्तके या साऱ्या वस्तू मोबाइलवरून विकल्या जातात आणि पैसे थेट बँकेत जमा होतात. वस्तू गिऱ्हाइकापर्यंत जाते, त्याप्रमाणेच विक्रीची नोंदही आयकर खात्यापर्यंत जाऊ लागली आहे. या दुसऱ्या प्रवासाचा विचार पुष्कळांनी अद्याप केलेला दिसत नाही.

परिणामी दोन टोकांचे गैरसमज शेजारी-शेजारी नांदत आहेत. ऑनलाइन मिळालेला पैसा ही वरकमाई असून तिचा कराशी संबंध नाही, हा पहिला. खात्यात जमा झालेल्या प्रत्येक रुपयावर सरकार कर घेणार, हा दुसरा. वस्तुतः दोन्ही निराधार आहेत. माल दुकानाच्या फळीवरून विकला की संकेतस्थळावरून, असा भेद १९६१ च्या आयकर कायद्याने केला नाही. त्याची जागा घेणारा कायदा संसदेने २०२५ साली संमत केला आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली, त्यातही तो नाही. विक्री हा धंदा आहे काय, आणि त्यात नफा किती झाला, एवढेच कायदा विचारतो.

घरातील वापरलेली सायकल किंवा लाकडी कपाट विकणे हा धंदा नव्हे. स्वतःच्या वापरातील अशा जंगम वस्तू भांडवली मालमत्तेच्या व्याख्येतूनच वगळलेल्या आहेत. अपवाद आहे तो दागिन्यांचा, चित्रांचा, शिल्पांचा आणि अन्य कलावस्तूंचा. आजीची पाटली विकून झालेला लाभ करपात्र ठरू शकतो. याउलट, रद्दीवाल्याकडून पुस्तके घेऊन ती नफ्याने विकण्याचा क्रम नित्याचा झाला, तर तो व्यापार होय. मग दुकानाची पाटी असो वा नसो.

खरा घोळ होतो तो विक्री आणि नफा यांत. एखाद्या शिक्षकाने वर्षभरात सहा लाख रुपयांच्या गोधड्या विकल्या असे समजू. कापड, दोरा, शिवणाऱ्या बायकांची मजुरी, संकेतस्थळाचे कमिशन, पाठवणीचा खर्च आणि परत आलेल्या मालाची खोट मिळून चार लाख ऐंशी हजार गेले. उत्पन्न आहे ते उरलेले एक लाख वीस हजार. सरकारदरबारी मात्र प्रथम पोहोचतो तो सहा लाखांचा आकडा. १ ऑक्टोबर २०२० पासून विक्री घडवून आणणाऱ्या संकेतस्थळांवर मूळस्थानीच करकपात करण्याचे बंधन आले. तिचा कायद्यातील मूळ दर एक टक्का होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दशांश टक्का झाला. पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची त्या संकेतस्थळावरील वार्षिक विक्री पाच लाखांच्या आत असेल, तर ही कपात होत नाही. सहा लाखांवर कापले जातात ते सहाशे रुपये. रक्कम क्षुल्लक, पण तिच्यामागून विक्रीचा पुरा आकडा खात्याच्या दप्तरी जातो. खर्चाची बाजू तेथे कोणी कळवीत नाही. ती विक्रेत्यानेच मांडावयाची असते, आणि ज्याच्यापाशी वही नाही त्याला ती मांडता येत नाही.

लहान व्यापाऱ्याची ही अडचण कायद्याने अजिबात ओळखली नाही, असे नव्हे. वार्षिक उलाढाल दोन कोटींच्या आत असेल, तर रोखीच्या विक्रीवर आठ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर सहा टक्के नफा गृहीत धरून विवरणपत्र भरता येते. सविस्तर हिशेबपुस्तके ठेवण्याचे बंधन उरत नाही. सहा लाखांवर हा नफा होतो छत्तीस हजार. येथेच मोह उभा राहतो. पुष्कळ जण सहा टक्के हा सरकारने ठरवून दिलेला नफा मानतात. तथापि ते प्रमाण किमान आहे. त्याहून अधिक लाभ झाला असल्यास तो दाखवण्याची वाट त्याच तरतुदीत आहे. एक लाख वीस हजार हाती आले असता छत्तीस हजार लिहिणे ही सवलतीची फेड नव्हे, तिचा गैरफायदा होय.

हा मोह किती जबर असू शकतो, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आर्थिक वर्ष २०२५–२६ साठी नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. नऊ लाख पगाराच्या कारकुनाने जोडधंद्याचा सव्वा लाख नफा दाखवला, तर त्याला एक पैही द्यावी लागत नाही. पण साडेबारा लाख वेतन असलेल्या शिक्षकाची गोष्ट निराळी. पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट घेऊन तो पावणेबारा लाखांवर, म्हणजे करमुक्तीच्या आत असतो. गोधड्यांचे एक लाख वीस हजार त्यात मिळवताच उत्पन्न बारा लाख पंचाण्णव हजार होते आणि उपकरासह सुमारे सत्याहत्तर हजार रुपये कर उभा राहतो. छत्तीस हजारच दाखवले, तर तो बारा हजारांच्याही आत राहतो. मर्यादेपलीकडे पाऊल टाकताच जोडधंद्याच्या नफ्यातील निम्म्याहून अधिक वाटा घेणारी ही रचना प्रामाणिकपणाची परीक्षा नको तेवढी कठोर करते. अर्थमंत्रालयाने येथे चढण अधिक सावकाश ठेवली, तर खरे आकडे लिहिणाऱ्यांची संख्या वाढेल.

धंदा पत्नीच्या नावावर दाखवण्याचा उपाय घरोघरी सुचवला जातो. पत्नी स्वतः कष्ट करीत असेल आणि भांडवलही तिचे असेल, तर तो नफा निर्विवाद तिचा. पण पतीने दिलेल्या पैशावर धंदा उभा असल्यास, त्या भांडवलाच्या प्रमाणात नफा पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. शासकीय सेवकांना तर आणखी एक भान ठेवणे प्राप्त आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये पूर्वमंजुरीवाचून खासगी व्यापार करता येत नाही. कर भरल्याने ती परवानगी मिळाली असे होत नाही. तसेच पगारदारांचे नेहमीचे ‘सहज’ विवरणपत्र धंद्याच्या उत्पन्नाला चालत नाही. गृहीत नफ्याची पद्धत स्वीकारणाऱ्यांसाठी ‘सुगम’ आहे.

बडे धेंड कोट्यवधी बुडवतात, मग गोधडीवालीच्या पाठीमागे का लागावे, हा सवाल ऐकू येतो. त्यातील चीड न्याय्य आहे, निष्कर्ष नाही. मोठ्यांना वकील आणि हिशेबनीस सहज मिळतात. सूचनापत्र आले की भांबावतो तो लहान माणूसच. म्हणून खरा हिशेब हे ओझे नसून त्याचेच कवच आहे. नफ्याची कागदोपत्री नोंद असलेल्या गृहउद्योगाला बँकेच्या दारात कर्जासाठी उभे राहता येते. कापलेला कर जादा असल्यास तो विवरणपत्र भरूनच परत मिळवता येतो.

शासनाचे कर्तव्यही तेवढेच निकडीचे आहे. ज्या खात्याला प्रत्येक विक्रीची वार्ता काही महिन्यांत कळते, त्या खात्याला विक्री म्हणजे नफा नव्हे एवढी गोष्ट सुबोध मराठीत, एका पानात, प्रत्येक लहान विक्रेत्यापर्यंत पोहोचवणे अशक्य नाही. संकेतस्थळांनीही वर्षअखेरीस विक्री, कमिशन, पाठवणीखर्च व परतावे यांचा एकत्र गोषवारा विक्रेत्याच्या भाषेत दिला, तर त्याचे निम्मे काम हलके होईल. उरलेले निम्मे त्याचेच: एक वही, आणि तीत रोज रात्री लिहिलेल्या चार ओळी.