लहान संग्रहालयाचें एक वर्ष

जालना शहराच्या औद्योगिक वसाहतींत, जिला लोक नुसतें 'एमआयडीसी' म्हणून ओळखतात, पोलादाच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. गांवोगांवचें भंगार मालमोटारींतून तेथें येतें. मोडकीं यंत्रें, गंजलेले पत्रे, झिजलेले फाळ, सारें वितळून एकजीव होतें आणि घरें बांधण्याच्या सळया होऊन बाहेर पडतें. भट्टीला कोणत्याही तुकड्याचें नांवगांव विचारण्याचें कारण नसतें. हा उद्योग उपयोगाचा आहे. शहरांतील कितीतरी चुली त्यावर पेटतात. इतिहासाचें संग्रहालय मात्र याच्या नेमकें उलट काम करणारें घर होय. तेथें आलेल्या प्रत्येक तुकड्यास पहिला प्रश्न विचारला जातो तो, 'तूं कोठला?' हा.

हा प्रश्न क्षुल्लक नाहीं हें जालना जिल्ह्यांतीलच एका उदाहरणानें स्पष्ट होईल. इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताच्या उद्रेकांत इटलींतील पाँपेई हें नगर राखेखालीं गाडलें गेलें. तेथील एका घरांत १९३८ सालीं एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. उंची जेमतेम एक वीत, अंगावर भरपूर दागिने, दोन्हीं बाजूंस लहानशा दासी. ती हिंदुस्थानांत घडली याविषयीं शंका नव्हती. पण हिंदुस्थानांत कोठें? प्रथम विद्वानांचा कल मथुरेकडे होता. पुढें मराठवाड्यांत तेर येथें त्याच वळणाची हस्तिदंती मूर्ति उजेडांत आली. नंतर १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं केळना नदीकांठच्या भोकरदन येथें उत्खनन केलें, त्यांतही तशाच मूर्तीचा भाग मिळाला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत या गांवच्या दात्यांचा उल्लेख आहे. तेव्हां पाँपेईची ती मूर्ति दख्खनेंत, कदाचित् भोकरदनच्याच परिसरांत घडली असावी, हें मत बळावलें. तुकडा कोठें मिळाला हें ठाऊक होतें म्हणून हा धागा जुळला. तोच तुकडा एखाद्या दुकानांत नांवगांवावांचून मिळता, तर तो शोभेची वस्तु ठरता; साक्षीदार ठरता ना.

तेर गांवाची गोष्ट अधिकच बोधप्रद आहे. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाची पेठ असल्याचें लिहिलें आहे. तें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादन केलें. परंतु या प्राचीन पेठेचे अवशेष हजारोंच्या संख्येनें जतन झाले ते गांवांतच राहणाऱ्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या ध्यासामुळें. मणी, नाणीं, मातीच्या बाहुल्या, खापरें, जें जें मातींतून वर आलें तें तें त्यांनीं सांभाळलें. आज त्यांच्या नांवाचें शासकीय संग्रहालय तेर येथें उभें आहे. एका गांवच्या एका माणसानें आपल्या गांवाचा पत्ता जगाच्या इतिहासांत कायम केला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अशा लहान संग्रहालयांत वर्षभर काम तरी काय असतें, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनांत येतो. कपाटें पुसावीं, सायंकाळीं कुलूप लावावें, एवढेंच त्यास दिसतें. वास्तविक संग्रहालयाचें वर्ष शेतकऱ्याच्या वर्षाप्रमाणें ऋतूंनीं बांधलेलें असतें.

उन्हाळा हा मोजदादीचा काळ. नोंदवही उघडावयाची आणि एकेक वस्तु तिच्याशीं ताडून पाहावयाची. प्रत्येक वस्तूस क्रमांक असतो. समजा, तो २०२५/१२/३ असा आहे. तर २०२५ सालीं आलेल्या बाराव्या आवकेंतील ती तिसरी वस्तु, इतका त्याचा अर्थ. वस्तूच्या दर्शनी नसलेल्या भागीं पारदर्शक रोगणाचा हात देऊन, त्यावर बारीक लेखणीनें हा क्रमांक घालतात, म्हणजे पुढें काढावयाचा झाल्यास मूळ वस्तूस इजा होत नाहीं. वस्तु हरवली तर एकच वस्तु जाते. नोंदवही हरवली तर सर्व वस्तु एकदम मुक्या होतात. याकरितां वहीची दुसरी प्रत निराळ्या इमारतींत ठेवावी लागते. याच दिवसांत, १८ मे रोजीं, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन येतो. तो १९७७ पासून पाळला जातो.

पावसाळा आला कीं संग्रहालयाचें रूप रुग्णालयासारखें होतें. मातींतील क्षार तांब्याच्या व कांशाच्या वस्तूंत मुरलेले असतात; हवेंत ओल वाढली कीं ते धातूस आंतून पोखरूं लागतात आणि वर फिकट हिरवी भुकटी दिसूं लागते. अशी वस्तु तत्काळ निराळी काढून कोरड्या डब्यांत ठेवावी लागते. पोथ्यांस व मोडी कागदांस बुरशी आणि कसर यांचें भय. पूर्वीं घराघरांतून पोथीच्या रुमालांत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवीत; आतां ओल शोषून घेणारे खडे ठेवतात, तत्त्व मात्र तेंच. येथें गृहिणींस एक विनंती करावीशी वाटते. जुनें नाणें सांपडलें तर तें चिंचेनें किंवा राखेनें घांसूं नये. देव्हाऱ्यांतील तांब्याला जें शोभतें तें नाण्याला मारक होतें. चकाकी येते आणि अक्षरें जातात.

पाऊस ओसरला कीं शोधाचा हंगाम सुरू होतो. आपल्या गांवगाड्यांत जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भेद आहेत. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. शेंकडों वर्षांच्या घरांच्या भिंती, चुलींची राख आणि शेण यांनीं पांढरीची माती बनलेली असते. जोराच्या पावसानें तिचा थर धुऊन जातो आणि खापरें, मणी, सातवाहनांचीं शिशाचीं नाणीं वर येतात. हीच माती धाब्याच्या घरांसाठीं लोक खणून नेत आले, आणि तिजबरोबर इतिहासही गेला. जमिनींत दडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि मिळाल्यास तें जिल्हाधिकाऱ्यांस कळवावें, असें १८७८ चा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुन्या पुराण वस्तूंच्या व्यापारावर व परदेशीं पाठवणीवर १९७२ च्या कायद्यानें निर्बंध घातले आहेत. कारखान्याच्या पायाचा खड्डा खणणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावयास हवें.

दसरा-दिवाळीच्या आधीं घरें झाडलीं जातात. संग्रहालयाच्या दृष्टीनें हे पंधरा दिवस वर्षांतील सर्वांत धोक्याचे. माळ्यावरचीं भांडीं, आडकित्ते, दिवे, खतपत्रें याच वेळीं भंगारवाल्याच्या गाडीवर चढतात. पुण्याचे दिनकर केळकर यांनीं असेच दिवे, आडकित्ते, दौती घरोघर हिंडून जमविले आणि आपल्या दिवंगत पुत्राच्या, राजाच्या, नांवें केलेला तो संग्रह १९७५ सालीं शासनाच्या स्वाधीन केला. घरगुती वस्तूंतही एका समाजाचें सारें जीवन वाचतां येतें, हें त्या संग्रहानें सिद्ध केलें. दिवाळीनंतर शाळांच्या सहली येतात, नोव्हेंबरांत १९ ते २५ या तारखांस जागतिक वारसा सप्ताह होतो. मुलांच्या हातांत फुटकें खापर देऊन त्यावर उमटलेला कुंभाराच्या बोटाचा ठसा दाखविला, तर दहा व्याख्यानांचें काम होतें.

मार्चअखेर वार्षिक अहवाल लिहावयाचा. किती लोक आले, तिकिटांचे किती पैसे जमले, हे आंकडे त्यांत असतात आणि असावेत. पण खरा हिशेब निराळा आहे: या वर्षीं आलेल्या वस्तूंपैकीं कितींचा पत्ता लागला? कोणाच्या घरून, कोणत्या शेतांतून, कोणत्या सालीं? या रकान्यांत जेवढी अक्षरें भरलीं तेवढेंच वर्ष कामीं आलें.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. म्हणजे जिल्हा या नात्यानें त्याचें वय फार नाहीं. पण त्याच्या पोटांत भोगवर्धन आहे, १८०३ सालचें असईचें रणांगण आहे, समर्थ रामदासांचें जन्मस्थान जांब आहे. उद्यां औद्योगिक वसाहतीचाही इतिहास होईल. पहिल्या भट्टीची नोंदवही, बियाण्यांचीं पहिलीं पाकिटें, कामगारांचीं हजेरीपत्रकें यांचा शोध पुढील पिढी घेईल, आणि तोंपर्यंत तीं उरलीं पाहिजेत. त्यासाठीं मोठी इमारत लागत नाहीं. घरांतील जुन्या वस्तूस एक चिठ्ठी बांधावी आणि तीवर कोणाची, कोठली, केव्हांची, इतकें लिहावें. भट्टींत गेलेलें लोखंड सळई होऊन तरी परत येतें; पत्ता हरवलेली वस्तु मात्र कपाटांत असूनही परत येत नाहीं.