आकड्यात न मावणारी डिस्क

भोसरीच्या किंवा नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आजही विंडोज ९८ वर चालणारं यंत्र सापडलं, तर नवल वाटू नये. यंत्र ठणठणीत असतं, पण त्याचं नियंत्रण करणारं कार्ड आयएसए स्लॉटात बसतं आणि नव्या मदरबोर्डवर तो स्लॉटच नसतो. म्हणून संगणकही जुनाच सांभाळावा लागतो. अडतं ते हार्ड डिस्क गेल्यावर. गरज असते चार जीबीची, पण लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालाच्या ढिगात हात घातला तरी हाताशी येते ८० नाहीतर १६० जीबीची. ती जोडली की मशीन कधी ८.४ जीबी दाखवतं, कधी ३२, तर कधी सुरू होता होताच गोठतं.

हे आकडे लहरीने आलेले नाहीत. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या घराण्यात डिस्कशी बोलण्याचं काम बायोसच्या इंटरप्ट १३ कडे आलं. डेटाची जागा सांगायला त्यात सिलिंडरसाठी १०, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट राखलेले होते. पुढे आयडीई डिस्क आल्या. त्यांच्या रजिस्टरांची वाटणी निराळी होती: सिलिंडरला १६ बिट, हेडला ४, सेक्टरला ८. बायोसची वाटणी एकटी घेतली तर ८.४ जीबीपर्यंत पुरते, आयडीईची जवळपास १३७ जीबीपर्यंत. पण पत्ता दोघांनाही मान्य हवा, म्हणून प्रत्येक रकान्यात ज्याचा आकडा लहान तोच चालायचा. सिलिंडर १०२४, हेड १६, सेक्टर ६३ आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट. म्हणजे जेमतेम ५२८ एमबी. दोन्ही व्यवस्था स्वतंत्रपणे ऐसपैस होत्या, गोची झाली ती त्यांच्या सोयरिकीत.

यावरचा पहिला तोडगा निव्वळ हातचलाखीचा होता. बायोसने डिस्कला खरे सिलिंडर विचारायचे आणि वरच्या सॉफ्टवेअरला सांगताना सिलिंडर निम्मे करून हेड दुप्पट सांगायचे. आकडा १०२४ च्या आत येईपर्यंत हेच. जुन्या सेटअपच्या पडद्यावर ‘नॉर्मल’, ‘लार्ज’ आणि ‘एलबीए’ असे पर्याय दिसतात, त्यातला ‘लार्ज’ तो हाच. एका मशीनवर ‘लार्ज’मध्ये भरलेली डिस्क दुसऱ्यावर ‘एलबीए’ लावून जोडली की फाइलींचा पत्ता लागत नाही, त्याचं कारणही हेच: दोन्हींत सिलिंडर-हेडचा हिशेब निराळा. हेड २५६ ऐवजी २५५ च धरायचे, कारण २५६ चा आकडा डॉसला झेपत नसे. ८.४ जीबीला हीही युक्ती संपली. तोवर फिनिक्सने सिलिंडर-हेडची भाषाच सोडून सेक्टरना सरळ क्रमांक देणारी इंटरप्ट १३ ची विस्तारित रूपं मांडली होती. तरीही अवॉर्ड बायोसच्या काही आवृत्त्या सिलिंडर मोजतच राहिल्या आणि ३३.८ जीबीच्या पुढची डिस्क दिसली की गारठू लागल्या. त्यावर डिस्ककंपन्यांनी जंपर दिला. तो लावला की ४० जीबीची डिस्क स्वतःला ३२ ची म्हणवून घेते. पैसे मोजून घेतलेली जागा आपल्याच हाताने लपवायची, असा हा उपाय; पण मशीन सुरू तरी होतं.

१३७ जीबीचा अडसर मात्र फसवा आहे. आयडीईच्या त्याच रजिस्टरांमधले ८, १६ आणि ४ बिट मिळून २८ बिटांचा सेक्टर क्रमांक बनतो, म्हणजे २६,८४,३५,४५६ सेक्टर. २००२ च्या एटीए-६ मानकाने तो ४८ बिटांचा केला, आणि तोही केबल न बदलता: हेडचे ४ बिट सोडून क्रमांकाच्या तीन रजिस्टरांत प्रत्येकी दोनदा लिहायचं, २४ चे ४८ होतात. मूळ विंडोज एक्सपीला हे ठाऊक नव्हतं. सर्व्हिस पॅक १ पासून आलं. विंडोज २००० ला सर्व्हिस पॅक ३ शिवाय रजिस्ट्रीतही नोंद करावी लागे. धोका असा, की नव्या मशीनवर १६० जीबीचं अखंड पार्टिशन करून ती डिस्क २८ बिटांच्या ड्रायव्हरखाली आणली, तर सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं. जागा भरत १३७ ची रेघ ओलांडली की क्रमांकाचे वरचे बिट गळतात, आणि जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यावा तसं लिखाण डिस्कच्या तोंडाशी येऊन पडतं, नेमकं पार्टिशनच्या नोंदींवर. सुरुवातीलाच गोठणारं मशीन यापेक्षा पुष्कळ बरं.

(१६० ची डिस्क १४९ दिसली तर घाबरू नये. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.)

उपायांत बायोसचा अपडेट पहिला, पण इतक्या जुन्या मदरबोर्डचा तो मिळणं नशिबाचा भाग. ऑनट्रॅकचा डिस्क मॅनेजर किंवा ईझी-ड्राइव्ह असली सॉफ्टवेअरं डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसतात आणि विंडोजच्या आधी जागी होऊन इंटरप्ट १३ चा ताबा घेतात. माझं मत विचाराल तर ती टाळावीत. कुणी व्हायरस काढायला फ्लॉपीवरून ‘एफडिस्क’ला हा पहिला सेक्टर, म्हणजे एमबीआर, नव्याने लिहायला लावलं, की तो रखवालदार पुसला जातो आणि त्याच्यामागची सगळी डिस्क अनोळखी होते. त्यापेक्षा प्रॉमिसच्या अल्ट्रा१३३ टीएक्स२ सारखं पीसीआय कार्ड उत्तम. त्याचा स्वतःचा बायोस असतो. मदरबोर्डचा काय म्हणतो, याच्याशी डिस्कला देणंघेणं उरत नाही. लिनक्स तर सुरू झाल्यावर बायोसला विचारतच नाही, थेट डिस्कलाच तिचं माप विचारतं. फक्त कर्नल वाचून होईपर्यंत ते बायोसवर अवलंबून असतं, म्हणून जुन्या मशीनवर बूटचं छोटं पार्टिशन डिस्कच्या आरंभीच ठेवायचं.

ज्या यंत्राला चारच जीबी पुरतात, तिथे अर्थात यातलं काहीच करू नये. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीईच्या अडॅप्टरवर बसवावं आणि कामाला लागावं.

पुढची भिंत बायोसची नव्हे, पार्टिशनच्या तक्त्याची. एमबीआरमध्ये सेक्टर क्रमांकाला ३२ बिट असतात, म्हणजे २.२ टीबी. तीन टीबीची डिस्क जुन्या ड्रायव्हरखाली ७४६ जीबी दाखवते, ती २.२ वजा जाऊन उरलेली जागा. जीपीटी तक्त्याने हे सुटतं, पण ३२ बिटांच्या एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही. काही यूएसबी डबे इथे वेगळी वाट काढतात: आतल्या ५१२ बाइटच्या आठ सेक्टरांचा ४०९६ बाइटचा एक सेक्टर करून सांगतात. क्रमांक तेवढेच, जागा आठपट, आणि एक्सपीलाही पूर्ण तीन टीबी दिसते. अशा डब्यातून काढलेली डिस्क थेट साटा केबलला लावली, तर ती कोरी दिसते आणि विंडोज फॉरमॅट करायचं का, असं विचारतं. तिथे ‘नाही’ म्हणावं आणि डिस्क पुन्हा त्याच डब्यात घालावी.