कागद नसलेली पेन्सिल

दापोडी म्हटलं की एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आठवते, नाहीतर लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय. चित्रकला सहसा कुणाला आठवत नाही. पण 1847 ते 1850 या काळात इथल्या सरकारी वनस्पती उद्यानासाठी एक पोर्तुगीज-भारतीय चित्रकार झाडांची चित्रं काढत होता. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरने त्याच्याकडून पावणेदोनशेच्या आसपास चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ म्हणून जपलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र मागे राहिलं नाही. त्याच्या कामाची अट सोपी आणि कठोर होती: चित्र पाहून झाड ओळखू आलं पाहिजे.

पेन्सिल स्केचच्या धाटणीचं व्यक्तिचित्र संगणकावर काढणाऱ्यालाही हीच अट लागू होते. वाढदिवसाची भेट, निवृत्तीचा समारंभ, गेलेल्या माणसाची आठवण, अशा निमित्तांनी ही चित्रं काढून घेतली जातात. पाहताक्षणी घरच्यांच्या तोंडून “हे आमचे बाबाच!” निघालं पाहिजे.

ज्यांच्या घरात कुणी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसलं होतं, त्यांना खरी पेन्सिल नीट ठाऊक आहे. एचबीने आखणी, 4बी-6बीने गडद छटा, आणि काम पुसटू नये म्हणून तळहाताखाली कोरा कागद. संगणकाला हे सगळं शिकायला वेळ लागला. 1991 साली मार्क झिमर आणि टॉम हेजेस यांचं ‘पेंटर’ हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. ते चक्क रंगाच्या डब्यात घालून विकत. आता ‘क्रिता’सारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याच्या ब्रशांच्या यादीत पेन्सिली तयारच असतात.

या पेन्सिलीची आतली रचना थक्क करणारी आहे. वॅकॉम कंपनीच्या, चित्रं काढायच्या टॅब्लेटमध्ये बारीक तारांची जाळी असते. ती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, पेनमधली तारेची गुंडाळी त्याला प्रतिसाद देते, म्हणून पेनला बॅटरी लागत नाही. हात किती दाबला हे टॅब्लेट हजारो पायऱ्यांत मोजतो; वरच्या मॉडेलांत 8192. आणि सॉफ्टवेअर खरं तर रेघ ओढतच नाही. एक छोटासा ठसा ते पेनच्या वाटेवर इतका दाट उमटवत जातं, की डोळ्याला सलग रेघ दिसते.

सगळं अडतं ते कागदापाशी. खऱ्या कागदाला दाणा असतो. हलक्या हाताने ग्राफाइट नुसत्या उंचवट्यांवर बसतं, दाब वाढला की खळग्यांत उतरतं. क्रितामध्ये ब्रशला पोत जोडता येतो. तो ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने जोडला तर रेघेवर जाळी छापल्यासारखी दिसते. ‘सबट्रॅक्ट’ निवडलं की पोत रेघेतून वजा होतो आणि दाब वाढेल तसे खळगे भरत जातात. हा दाणा कागदाच्या जागी पक्का बसलेला हवा. तो ठशाबरोबर सरकू लागला की खोटेपणा लगेच कळतो. ‘ई’ दाबलं की हातातली पेन्सिलच खोडरबर होते, आणि तिचा दाणा कायम राहतो. पांढऱ्या मिशीचे केस, नथीच्या मोत्यावरची चकाकी गडद छटेतून अशी उचलून काढताना पाहणं हा मोठा आनंद आहे.

इथवर यंत्र चित्रकाराच्या बाजूचं. पुढे तेच त्याला भुलवतं.

चारशे टक्के झूम करून पापणीचा केस न् केस काढावा आणि बाहेर येऊन पाहावं, तर डावा डोळा उजव्यापेक्षा वर गेलेला! कागदावर चेहरा सतत अख्खा समोर असतो, इथे तो मुद्दाम आठवणीने पाहावा लागतो. ‘एम’ दाबून चित्र आरशासारखं उलटवलं की तिरकेपणा लपत नाही. काळ्या रंगाचंही तसंच. ग्राफाइट चमकतं, त्यामुळे खऱ्या पेन्सिलीची सर्वांत गडद छटाही पूर्ण काळी नसते. पडद्यावर मात्र शुद्ध काळा एका टिचकीत मिळतो, आणि तो बुबुळांत भरला की पेन्सिलीचं चित्र शाईचं वाटू लागतं.

आपल्याकडच्या चेहऱ्यांची एक खास अडचण आहे. रंगीत फोटो राखाडी केला की लाल कुंकू आणि सावळं कपाळ जवळजवळ एकाच छटेत येतात, आणि कुंकू दिसेनासं होतं. मग ते चित्रकाराने समजून-उमजून गडद करायचं असतं.

फिल्टरला ही समज नाही. फोटो राखाडी करायचा, त्याची उलटी प्रत धूसर करून ‘कलर डॉज’ने वर ठेवायची, की काही क्षणांत स्केच तयार. त्यात शर्टाच्या बटणाची कड आणि डोळ्याची कड सारख्याच ठसठशीत येतात. असं चित्र पैसे देऊन घरी नेणाऱ्यांची काळजी वाटते.

सर्वांत अवघड काम ओळखपत्राच्या फोटोवरून करायचं. समोरून पडलेल्या फ्लॅशने नाकाची बाजू, गालाचा उतार सपाट झालेला असतो; फोटो कितीही मोठा केला तरी त्यात नसलेली सावली येत नाही. ती अंदाजाने भरली तर चेहरा देखणा होतो, पण दुसऱ्याच कुणाचा. अशा वेळी लग्नाच्या अल्बममधला, मागच्या रांगेत मान वळवून उभे असतानाचा फोटो जास्त कामाचा असतो. नाकाचा उंचवटा त्यात सापडतो. असा फोटो काम हातात घेतानाच मागून ठेवला नाही, तर पुढे कितीही लेयर चढवले तरी नाक सपाटच राहतं.