प्रवाळाचा रंग का उडतो?

प्रवाळ हा प्राणी खरा, पण त्याचा निम्मा संसार शैवलांच्या जिवावर चालतो. दगडी प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म एकपेशीय शैवले राहतात. दिवसा ती अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. उथळ, उजेडाच्या पाण्यात प्रवाळाची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज अशी भागते. मोबदल्यात शैवलांना आसरा मिळतो, शिवाय प्रवाळाने टाकलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस खतासारखे मिळतात. घरात प्रवाळे पाळायच्या रीफ टाकीत ही भागीदारी बिघडवणारी कारणे डझनभर असतात. प्रवाळाजवळ तक्रार सांगायच्या खुणा मात्र मोजक्या: मिटून बसणे, फिकट पडणे, तपकिरी होणे, चिकट स्राव सोडणे आणि मांस सांगाड्यावरून सुटणे. एकाच खुणेमागे चार कारणे असू शकतात, म्हणून नुसता रंग पाहून औषध ओतणाऱ्याची फसगत ठरलेली.

पांढरे पडलेले प्रवाळ मेलेलेच असते असे नाही. भिंगातून पाहिल्यास काचेसारखे पारदर्शक मांस आणि त्यावर बारीक शुंडके दिसली, तर ते जिवंत आहे. शैवले निघून गेल्याने आतला चुनखडीचा सांगाडा दिसतो आहे, इतकेच. याला विरंजन म्हणतात. सांगाडा खरखरीत, उघडा असेल तर तेवढा भाग संपला. उष्णता आणि तीव्र प्रकाश एकत्र आले की शैवलांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडते, ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि प्रवाळ शैवलांना बाहेर काढते. उष्णतेने शैवले अशी बाहेर पडतात हे ग्रेट बॅरिअर रीफवरच्या १९२८-२९ च्या मोहिमेत मॉरिस याँग यांनी नोंदवले होते. समुद्रात उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एक अंश जास्त पाणी काही आठवडे राहिले तरी विरंजन सुरू होते. टाकीत २४ ते २७ अंश सेल्सियस ही सुरक्षित पट्टी मानली जाते.

फिकटपणा कुठे आहे, याला रंगापेक्षा जास्त महत्त्व आहे. दिव्याकडची बाजूच पांढरी आणि सावलीतली ठीक असेल, तर संशय दिव्यावर जातो. नवा एलईडी पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने लावल्यावर हमखास असे होते. सगळीकडून सारखाच रंग उतरला असेल, तर आधी थर्मामीटर पाहायचा आणि मग पाण्यातली पोषके. फाजील स्वच्छता हेही कारण असते. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याच्या हौसेपायी कित्येक टाक्यांतली प्रवाळे उपाशी फिकटली आहेत. नायट्रेट भरपूर पण फॉस्फेट जवळजवळ नाही, अशा असमतोलात प्रवाळ उष्णतेला आणि प्रकाशाला लवकर बळी पडते, हे साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. याच्या उलट, उजेड कमी आणि पोषके जास्त झाली की शैवले दाटतात आणि निळे-जांभळे अ‍ॅक्रोपोरा हे फांद्यांचे प्रवाळ चहाच्या रंगाचे होते. ते कुरूप दिसते, पण तब्येतीने बहुधा बरे असते.

रंग डोळ्यांच्या आठवणीवर सोडू नये. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेल्या कोरलवॉच उपक्रमाने एक साधा तक्ता बनवला आहे. त्यात रंगाच्या सहा पायऱ्या आहेत, १ सर्वांत फिकी आणि ६ सर्वांत गडद. एकाच वसाहतीचा रंग दोन पायऱ्यांनी बदलला, तर शैवलांच्या प्रमाणात खरा फरक पडला असे धरतात. टाकीत मात्र निळ्या दिव्यांखाली मरतुकडे प्रवाळही झगमगते, त्यामुळे तुलना नेहमी पांढऱ्या प्रकाशात आणि ठरलेल्या वेळीच करावी लागते.

मांस सुटू लागले की प्रकरण गंभीर झाले. अ‍ॅक्रोपोराचे मांस बुडापासून वर सरकत पांढरे होत असेल, तर बऱ्याचदा मागे अल्कलिनिटीचा, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या क्षमतेचा, हेलकावा असतो. समुद्राची अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच असते. टाकीत ८-९ ठेवली तरी चालते, पण ती एका दिवसात दोन-तीनने उडी मारते तेव्हा प्रवाळ हबकते. फक्त टोके जळल्यासारखी पांढरी दिसली, तर अल्कलिनिटी जास्त आणि पोषके कमी अशी जोडी तपासायची. काही वेळा मांस तासाभरात पापुद्र्यासारखे गळते आणि रात्रीत अख्खी वसाहत जाते. तिथे कारण शोधत बसायला वेळ नसतो. निरोगी फांदी कापून वेगळी काढणे, एवढाच उपाय हाती उरतो.

युफिलिया या जाड शुंडकांच्या प्रवाळात एक रोग दुरूनच ओळखू येतो. फुगलेली शुंडके आदल्या दिवशीपर्यंत पाण्यात डोलत असतात. सकाळी एका तोंडावर तपकिरी, जेलीसारखा गोळा बसलेला दिसतो आणि बाहेर काढल्यास कुजकट वास येतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गोळ्यात मांस खात फिरणारे रोमधारी आदिजीव वळवळताना दिसतात. सुरुवात बहुधा जखमेपासून होते. पंप बंद न करता गोळा खरवडला, तर त्याचे तुकडे प्रवाहाबरोबर शेजारच्या तोंडांवर जाऊन बसतात. म्हणून आधी पंप बंद, मग नळीने गोळा ओढून घेणे आणि वसाहत वेगळ्या भांड्यात, हाच क्रम.

पाण्याचे सर्वांत सामान्य दुखणे मात्र अगदी साधे आहे. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ राहते. २०० लिटरच्या टाकीतून चार दिवसांत ८ लिटर पाणी उडाले आणि भर घातली नाही, तर क्षारता हजारी ३५ वरून साडेछत्तीसच्या आसपास जाते. हीच भर मिठाच्या पाण्याने घातली, तर दर खेपेला सुमारे २८० ग्रॅम मीठ जादा होते. भर नेहमी आरओ-डीआय गाळणीच्या गोड्या पाण्यानेच घालायची. रिफ्रॅक्टोमीटरही खोटे बोलतो. त्याची शून्यखूण शुद्ध पाण्यावर बरोबर आली तरी ३५ वर चूक असू शकते, म्हणून तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवतात. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचे औषध याच टाकीत टाकले असेल, तर बाकी तपास करण्याची गरजच राहत नाही. तांबे अपृष्ठवंशीयांना विषच.

पाणी, उजेड आणि तापमान ठीक असूनही एकच वसाहत खंगत असेल, तर रात्री लाल विजेरीने पाहावे. अंधारात गॅलॅक्सिया या प्रवाळाची लांब झाडू-शुंडके शेजाऱ्याला डसताना दिसतात. काही मऊ प्रवाळे पाण्यात रसायने सोडतात. ती शोषून घ्यायला सक्रिय कोळसा वापरतात. अ‍ॅक्रोपोराच्या सावलीकडच्या बुडाशी गोल फिकट चट्टे आणि उघड्या सांगाड्यावर तपकिरी अंड्यांचे पुंजके दिसले, तर तो अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा कृमी. औषधी पाण्यात बुडवल्यावर कृमी गळतात, अंडी मात्र वाचतात. म्हणून बुडवणे ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा करावे लागते आणि अंडी हाताने खरवडून काढावी लागतात.

निदान झाल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दिवा खाली, क्षार वर आणि पाणी बदल एकाच संध्याकाळी केले, तर प्रवाळ सुधारले तरी कशाने ते कळत नाही. वहीत तारीख, तापमान, क्षारता आणि अल्कलिनिटी लिहिलेली असली की गेल्या पंधरवड्यात काय हलले ते पटकन सापडते.

हा छंद अमेरिका आणि युरोपात रुजला आहे. भारतात मात्र सर्व दगडी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत आहेत. मुंबई-पुण्यातल्या दुकानदाराने समुद्रातून आणलेला तुकडा पुढे केला, तर तो निरोगी आहे का, हे तपासत बसू नका. तो घेऊच नका.